मयताच्या घराची खरी गोष्ट : लिजो जोस पेल्लिशेरीचा ‘ई.म.यौ.’

मयताच्या घरी सगळ्यात जास्त काय असतं, तर कामं असतात. डॉक्टरचा दाखला, शवपेटी, बर्फ, खड्डा खणणारा माणूस, फादरांची वेळ, लांबून येणाऱ्यांसाठी किती थांबायचं याचा निर्णय, कपाटातून काढायचा सूट, बोटांत गुंडाळायची जपमाळ. रडणं या सगळ्याच्या मधल्या फटीत उरकावं लागतं. मल्याळी दिग्दर्शक लिजो जोस पेल्लिशेरी याचा २०१८ सालचा ‘ई.म.यौ.’ हा सिनेमा या कामांवर उभा आहे, आणि श्रद्धेबद्दलचा इतका खरा सिनेमा मी आपल्या देशातल्या कुठल्याच भाषेत पाहिलेला नाही.

मी वसईची, कॅथलिक. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, कुणी गेलं की संध्याकाळी त्या घरी जाऊन रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, घेणाऱ्या बायकांमध्ये मी असते. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आतल्या खोलीत दबक्या आवाजात चाललेलं खर्चाचं बोलणं, पेटीच्या पायाशी बसलेली विधवा, हे सगळं मी फार जवळून पाहत आले आहे. या परीक्षणात तीच नजर दिसेल, म्हणून आधी सांगितलं.

ईशो, मरियम, यौसेप, म्हणजे आपले येशू, मरिया, योसेफ. केरळच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती मरणाऱ्याच्या कानात ही तीन नावं म्हणतात. सिनेमाचं नाव म्हणजे त्यांचीच आद्याक्षरं. गोष्ट घडते कोचीजवळच्या चेल्लानम या समुद्रकाठच्या गावात, लॅटिन कॅथलिक वस्तीत. मासेमारी, मोलमजुरी, घरांच्या मागे लगेच लाटा. आमच्याकडचं पाचूबंदर किंवा अर्नाळा ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे गाव परकं वाटणार नाही. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते, कोचीत १६६३ पर्यंत. दोन्ही किनाऱ्यांवरची चर्चं आणि माणसांची नावं ऐकली की ते जुनं नातं कळतं.

गोष्ट सांगते. यात रहस्य असं काही नाही, त्यामुळे पुढचं वाचून सिनेमा पाहिलात तरी काही बिघडणार नाही. शेवटही सांगणार आहे, ज्यांना नको त्यांनी इथे थांबावं.

वावच्चन मेस्त्री नावाचा म्हातारा बऱ्याच काळाने घरी परततो. हातात जिवंत बदक. येता येता रस्त्यात एकाशी मारामारी करून आलेला. बायको पेण्णम्मा बदक शिजवायला घेते आणि बाप-लेक दारू घेऊन बसतात. बापाला स्वतःच्या बापाचं मयत आठवतं, केवढा थाट होता, केवढी माणसं होती. मुलगा ईशी दारूच्या भरात आणि प्रेमाच्याही भरात शब्द देतो, की अप्पा, तुमचं मयत मी त्याहून दणक्यात करीन. बाप खूश होतो, उठतो, तरुणपणी केलेल्या चविट्टु नाटकम मधलं गाणं म्हणत पाय आपटून नाचतो आणि कोसळतो. संपलं. आता शब्द पाळायचा. खिशात पैसा नाही, बाहेर पाऊस.

चविट्टु नाटकम म्हणजे पोर्तुगीजांच्या काळात तिथल्या ख्रिस्ती लोकांत रुजलेलं, लाकडी फळ्यांवर पाय दणाणत करायचं लोकनाट्य. त्यात शार्लमेन राजाच्या कथा असतात. पोट हातावर असलेला माणूस अंगात राजाचा झगा घालून युरोपच्या बादशहाचं गाणं म्हणतो, अशी ती कला. वावच्चनच्या मनात आपल्या मयताचं जे चित्र आहे, त्यात हा झगा आहे. हे समजलं की त्याची हौस पोकळ वाटत नाही. आयुष्यभर विटा रचणाऱ्या माणसाला एकदा, शेवटचं, राजासारखं जायचं आहे.

दारू पिण्याचा तो प्रसंग बराच लांब आहे. दिग्दर्शक घाई करत नाही. बाप-लेक एकमेकांना चिडवतात, मध्येच गप्प होतात, पुन्हा भरतात. आमच्या घरांत बाप आणि मोठा मुलगा एकमेकांना ‘तू मला आवडतोस’ असं कधी बोलत नाहीत. ते जे काही बोलायचं असतं ते इथे मयताच्या बँडबद्दल आणि पेटीबद्दल बोलून घेतलं आहे. कैनकरी तंकराज (बाप) आणि चेंबन विनोद जोस (मुलगा) दोघांचीही कामं उत्तम, पण या प्रसंगात तंकराज यांनी जे केलं आहे ते बघतच राहावं. ते पुढचा सगळा वेळ प्रेत म्हणून पडून असतात आणि तरी गोष्टीतून बाहेर जात नाहीत.

आता पेण्णम्मा. पॉली वल्सन या बाईंनी ही भूमिका केली आहे आणि केरळ राज्य पुरस्कारांत त्यांना चरित्र अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, त्यात या कामाचा वाटा आहे. तिचं रडणं ऐका. हेल काढून रडते ती. दारात नवीन माणूस आला की सूर चढतो. आलेल्याचं नातं काय, त्याने मेलेल्याला कधी काय दिलं, कोण वेळेवर आलं नाही, सुनेच्या माहेरच्यांनी काय केलं नाही, सगळं त्या हेलात ओवलं जातं. मधे कुणी पाणी दिलं तर थांबून पिते आणि पुन्हा सूर लावते. शहरातल्या प्रेक्षकाला हे नाटकी वाटेल, हसूही येईल. आम्ही हे घराघरात ऐकलं आहे. अशी बाई खोटं रडत नसते. तिला आयुष्यात एकदाच पूर्ण गाव शांत बसून ऐकत असतं, आणि ती तेवढ्यात सगळा हिशेब मांडून घेते. नवऱ्यावरचं प्रेमही त्यात असतं आणि त्याने केलेली फसवणूकही. पुढे वावच्चनच्या दुसऱ्या बायकोचं कुटुंब दारात येऊन उभं राहतं तेव्हा तिच्या हेलाचं काय होतं ते पाहाच.

आणि ते बदक. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी चहा-पाव आणून देतात, हा आमच्याकडचा रिवाज. इथे मरण येतं तेव्हा कालवण चुलीवर आहे. नवऱ्याने हौसेने आणलेलं बदक शिजतंय आणि खाणारा गेला. दिग्दर्शक त्यावर एकही संवाद खर्च करत नाही. माझ्या मनातून ते भांडं जात नाही.

ईशी शवपेटी घ्यायला जातो तो प्रसंग प्रत्येक धर्मग्रामात दाखवायला हवा. दुकानदार एकेक पेटी उघडून दाखवतो, लाकूड कसं, आतलं कापड कसं, कड्या कशा. साधी पेटी स्वस्त आहे, ती समोरच आहे. पण शब्द दिलेला आहे, बरोबर आलेले लोक बघत आहेत, आणि दुःखात माणसाला ‘यातलं स्वस्त दाखवा’ म्हणणं जमत नाही. घरातलं सोनं गहाण पडतं. भारी पेटी येते, आणि ऐन गर्दीत, ऐन भांडणात तिचा तळ दगा देतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने बापाच्या मयतासाठी कर्ज काढलं आणि पुढे मुलीच्या कॉलेजची फी अडली. फादर प्रवचनात साधेपणाने करा म्हणून सांगतात, लोक माना डोलावतात, आणि पुढच्या मयताला पुन्हा तेच. हा सिनेमा ईशीला त्यासाठी बोल लावत नाही. त्याचा मोठेपणाचा सोस आणि त्याचं प्रेम वेगळं करता येत नाही, हे तो मान्य करतो. प्रवचनापेक्षा सिनेमा इथे पुढे जातो असं मला वाटतं.

अय्यप्पन हे या सिनेमातलं सगळ्यात चांगलं माणूस. पंचायतीचा सदस्य, ईशीचा दोस्त, नावावरूनच कळतं की हिंदू. धावपळ सगळी याची. कागद, पोलीस, माणसं आवरणं, भांडणं सोडवणं. हे काम करणाऱ्या विनायकनने त्याला कुठेही संत केलेलं नाही. तो वैतागतो, हात जोडतो, शिव्या खातो आणि पुन्हा कामाला लागतो. धर्माच्या गप्पा मारत कुणी बसलेलं नाही, आणि तरी दया हे जे काही आमच्या पुस्तकात लिहिलं आहे ते करताना दिसतो तो हा माणूस. आमच्या गल्लीतही मयत झालं की पहिला धावून येणारा चर्चला जाणाराच असतो असं नाही.

तक्रारीच्या जागा आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे फादरांची. दिलीश पोथनने हे काम केलं आहे आणि तो चांगला नट आहे, पण पात्र एकाच बाजूने रंगवलं आहे. गावात कुजबूज सुरू होते, म्हाताऱ्याच्या डोक्याला लागलेलं आहे, मारामारी झाली होती, मग हा मृत्यू साधा नसेल. फादर तपास अधिकाऱ्याच्या थाटात प्रश्न विचारत फिरतात आणि शेवटी दफनभूमीत जागा द्यायला नकार देतात. असे धर्मगुरू असतात, मी नाकारत नाही. पण १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, ११८४ वं कलम ख्रिस्ती अंत्यविधी कुणाला नाकारायचा याची फार थोडी कारणं देतं, आणि शंका असेल तर बिशपांना विचारावं असं सांगतं. इथे बिशपांना कुणी विचारत नाही, फादरांना स्वतःलाही प्रश्न पडत नाही. एखादा क्षण तरी त्यांच्या चेहऱ्यावर कचरताना दिसला असता तर ईशीचा राग आणखी जड झाला असता. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस सोपा केला की चिडणंही सोपं होतं.

आमच्यातल्या काहींनी एवढ्यावरूनच सिनेमा चर्चविरोधी ठरवला. मला ते पटत नाही. सिनेमाचे लेखक पी. एफ. मॅथ्यूज यांना हा किनारा, इथली मरणं आणि इथली भाषा आतून माहीत आहे. दिग्दर्शक शाजी करुण यांच्या ‘कुट्टी स्रांक’ या सिनेमाच्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारात वाटा मिळाला होता, तेही याच लोकांचं जग. चर्चवर बाहेरून दगड मारणारा माणूस असं लिहू शकत नाही. चर्चवर खरा राग त्याचाच, ज्याला मेल्यावर त्याच दफनभूमीत जायचं आहे.

आणि शेवट. दफनभूमी बंद, खड्डा खणणारा माणूस स्वतःच खड्ड्यात मरून पडलेला, पोलीस दारात, पेटी मोडलेली, पाऊस थांबत नाही. ईशीचं डोकं फिरतं. तो अंगणात कुदळ घेऊन उतरतो आणि स्वतः खणायला लागतो. चिखल, दोन्ही हातांनी उपसलेली माती, आजूबाजूला ओरडणारी माणसं. थाट, बँड, भारी पेटी, सगळं गळून पडलेलं आहे आणि उरलंय एवढंच की बापाला मातीत ठेवायचं आहे. मेलेल्यांना मूठमाती देणं हे आमच्याकडे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानतात. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही यादी पाठ केली होती. तिचा अर्थ या प्रसंगात पोटात शिरला. वेड लागलेला, फादरांवर हात उचललेला हा मुलगा त्या क्षणी संपूर्ण गावात सगळ्यात जास्त ख्रिस्ती आहे, असं मी म्हणेन आणि वाद घालायला तयार आहे.

त्यानंतर समुद्रकाठचं एक दृश्य येतं, पलीकडे जायला निघालेल्या आत्म्यांचं, नावांचं. सिनेमाच्या आधीच्या भागात किनाऱ्यावर पत्ते खेळत बसलेली दोन माणसं अधूनमधून दिसतात, त्यांचा उलगडा इथे होतो. दिसायला सुंदर. पण चिखलातल्या त्या खड्ड्यानंतर मला त्याची गरज वाटली नाही. जे कळलं होतं ते पुन्हा समजावून सांगितल्यासारखं झालं. माझ्या मुलाचं मत बरोबर उलट आहे, त्याला पूर्ण सिनेमात तेच दृश्य सगळ्यात आवडलं.

कॅमेरा शैजू खालिदचा. रात्रीच्या घरात जेवढा उजेड असतो तेवढाच ठेवला आहे, आणि लांबच लांब शॉट. कॅमेरा दारातून आत येतो, माणसांच्या मधून वाट काढतो, पेटीजवळ थांबतो, पुन्हा मागच्या दारी जातो. मयताच्या घरात आपण स्वतः असेच फिरतो. प्रशांत पिल्लै यांचं संगीत फार थोडं आहे. बाकी सगळं समुद्र, पाऊस, बँड आणि बायकांचं रडणं. ध्वनीचं काम रंगनाथ रवी यांचं, त्यालाही राज्य पुरस्कार मिळाला. मोबाईलच्या स्पीकरवर बघाल तर अर्धा सिनेमा हातातून जाईल. हेडफोन लावा.

सबटायटल्सची अडचण आहेच. किनाऱ्यावरची बोली, तिचे हेल, तिच्या शिव्या इंग्रजी ओळीत सपाट होतात. माझ्या शेजारी कोचीची एक बाई राहते, तिच्याबरोबर बसून पाहिलं तेव्हा पेण्णम्माच्या रडण्यातले कितीतरी टोमणे कळले, जे खाली लिहिलेलेच नव्हते. मराठी सबटायटल्स कुणी करायला घेतली तर मयताच्या घरी बसलेल्या बायकांना आधी बोलवा, बोली त्यांच्याकडे आहे.

लिजोबद्दल थोडं. केरळातल्या चालक्कुडीचा. वडील जोस पेल्लिशेरी रंगभूमीवरचे आणि सिनेमातले नट. २०१० मध्ये पहिला सिनेमा. २०१३ च्या ‘आमेन’मध्ये चर्च, बँड आणि प्रेमकथा होती, तो रंगीत आणि खेळकर. २०१७ च्या ‘अंगमाली डायरीज’मध्ये ८६ नवे चेहरे आणि शेवटी ११ मिनिटांचा अखंड शॉट. ‘ई.म.यौ.’ला २०१८ च्या पणजीच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दोन रौप्य मयूर पुरस्कार मिळाले, दिग्दर्शनाचा लिजोला आणि अभिनयाचा चेंबन विनोदला. पुढच्याच वर्षी ‘जल्लिकट्टू’साठी पुन्हा दिग्दर्शनाचा. २०२० मध्ये टाळेबंदीत निर्मात्यांची संघटना नवे सिनेमे सुरू करू नका म्हणत होती, तेव्हा त्याने आजपासून मी स्वतंत्र चित्रपटकर्ता, असं जाहीर केलं. माझ्या मते तो त्याआधीच झाला होता. ज्या सिनेमात नायक नाही, गाणं नाही, प्रेत मध्यभागी आहे, तो सिनेमा बाजाराला विचारून कुणी करत नाही.

त्याचे सगळे सिनेमे मला सारखे आवडतात असं नाही. ‘चुरुळी’तली शिवीगाळ मला सोसवली नाही. ‘नन्पकल नेरत्तु मयक्कम’ मात्र जरूर पाहा. तमिळनाडूतल्या वेलांकण्णी या मरियेच्या तीर्थाची यात्रा करून परतणाऱ्या बसमधला एक माणूस (नट मामुट्टी) दुपारच्या झोपेतून उठून एका तमिळ गावात शिरतो आणि तिथल्या हरवलेल्या माणसासारखा वागू लागतो. आमच्याकडूनही गटागटाने लोक वेलांकण्णीला जातात. त्या प्रवासातले डबे, जुनी गाणी, कुरकुर, खिडकीशी बसण्यावरून भांडण, सगळं ओळखीचं. ‘ई.म.यौ.’ने थकवा आला तर हा दुसऱ्या दिवशी लावा.

कुणासाठी नाही हा सिनेमा? ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्यांनी काही महिने थांबावं. लहान मुलांना दाखवू नये, दारू, मारामारी, शिव्या आहेत. बाकी सगळ्यांनी पाहावा, दोन तासांचा आहे, मधे थांबवू नये.

आमच्या युवा संघाला मी तो चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चर्चच्या सभागृहात दाखवायचं सुचवलं आहे. पडदा आणि प्रोजेक्टर आहे, आवाजासाठी बरे स्पीकर भाड्याने आणावे लागतील. नंतरच्या चर्चेला फादरांनी बसावं, खड्डे खणणाऱ्या काकांनी बसावं आणि शवपेट्या करणाऱ्या आमच्या सुतारानेही. त्या तिघांना या सिनेमाबद्दल काय वाटतं ते मला ऐकायचं आहे.